लिहिलेल्या भिंती

कोपरीपासून डोंबिवलीपर्यंत कोठे ना कोठे एखाद्या तांबड्या कुंपणभिंतीवर फेर धरून नाचणारी पांढऱ्या रेषांची माणसे दिसतात. त्यांना आपण 'वारली पेंटिंग' म्हणतो. चादरी, पेले, लग्नपत्रिका यांच्यावरील नक्षीलाही तेच नाव. दोन त्रिकोणांचे धड आणि काडीचे हातपाय असले की झाले वारली, असा या शब्दाचा अर्थ रूढ होऊ पाहत आहे. तो अपुरा आहे. किंबहुना अन्यायकारक आहे.

डहाणू-तलासरीकडील वारली समाजात लग्नाचा चौक 'काढीत' नाहीत, 'लिहितात'. गेरूने वा शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, तो सवाष्णींनी लिहावयाचा आणि त्यात पालघट देवीची स्थापना करावयाची. चौकावाचून लग्न नाही. 'लिहिणे' या क्रियापदाला हसण्याचे कारण नाही. संस्कृतातही चित्राला 'आलेख्य' म्हणतात. उषेला अनिरुद्धाचे चित्र काढून दाखविणारी सखी चित्रलेखाच होती. लिहिलेल्याला अर्थ असतो आणि लिहिणाराही असतो. आपल्या बाजारी शब्दाने हे दोन्ही पुसले जातात.

1970च्या दशकारंभी भास्कर कुलकर्णी यांनी या पाड्यांवर कागद पोहोचविला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे पुढे परदेशांत गेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते निवर्तले. कला भिंतीवरून कागदावर आली, तिने चार पैसे मिळवून दिले, यात वावगे काहीच नाही. वावगे आहे ते नाव वारल्यांचे आणि काम भलत्याचे, हे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे ते नाव बेवारस नाही.

2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू ठाण्याच्या नकाशातून गेले. नाते मात्र तुटलेले नाही. भिंत सजवू पाहणाऱ्या कोपरीतील सोसायट्यांनी, शाळांनी आणि महापालिकेनेही ते काम वारली कलावंतांकडे सोपवावे, योग्य मोबदला द्यावा आणि चित्राखाली लिहिणाराचे नाव घालावे. पाड्यावरील चौकाखाली नाव नसते, कारण तो कोणी लिहिला हे साऱ्या पाड्याला ठाऊक असते. शहराला ते ठाऊक नसते, म्हणूनच येथे नाव लिहिणे अगत्याचे आहे.