गॅस संपत नाही, गळतो!

उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-नीरा रस्त्यावर पणदरे परिसरात धुळीला तोटा नसतो. उसाच्या वाहनांमागून जाणारी मोटार ही धूळ आत ओढून घेते. पुढे उन्हाळा लागला की मालकाची तक्रार ठरलेली असते : ‘‘एसी गार करीत नाही, गॅस संपला वाटतं!’’ मग प्रश्न येतो, दुरुस्ती घरी करावी की नाही? माझ्या मते याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रातच आहे.

माठातील पाणी गार का होते, हे तुम्हांस ठाऊक आहे. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते अप्रकट उष्मा माठातून घेते. मोटारीतही हेच घडते. मात्र माठातली वाफ हवेत निघून जाते, तर मोटारीतील द्रव बंद नळ्यांतच फिरत राहतो. अनेक मोटारींत हा द्रव आर-१३४ए असतो. नेहमीच्या वातावरणीय दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. डॅशबोर्डमागील नळ्यांत तो उकळून आतली उष्णता घेतो. मग कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो आणि पुढच्या कंडेन्सरमध्ये तिचा पुन्हा द्रव होऊन उष्णता बाहेर पडते.

या फेऱ्यात वायू खर्च होतच नाही. सांध्यांतून वर्षानुवर्षे किंचित झिरपतो, एवढेच. दर उन्हाळ्यात तो कमी पडत असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

तेव्हा बंद नळी ही सीमारेषा माना. तिच्या अलीकडची कामे घरी जरूर करा. धुळीने कोंदलेला केबिन फिल्टर पुष्कळ मोटारींत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. इंजिन बंद करून, वडीलधाऱ्यांच्या देखत तो बदला. त्यावरील बाणाची दिशा तेवढी पाहा. पुष्कळदा एवढ्यानेच वारा पूर्ववत येऊ लागतो.

नळीचा नट मात्र सोडू नका. ४० अंश तापमानाला, इंजिन बंद असतानाही, आतला दाब वातावरणाच्या सुमारे दहापट असतो. आपल्या कुकरमध्ये तो जेमतेम दुप्पट असतो! उसळलेला द्रव कातडी गोठवतो, डोळाही घालवू शकतो. शिवाय आत शिरलेली दमट हवा यंत्रणा बिघडवते, ते वेगळेच.

तिसरे कारण साऱ्यांचे आहे. पूर्वी मोटारींत आर-१२ असे. अशा वायूंतील क्लोरीन ओझोनचा नाश करतो, हे मोलिना व रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखविले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवितो. अर्धा किलो वायू हवेत सोडणे म्हणजे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे, अर्थात सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळणे! असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

म्हणून मेकॅनिककडे गेलात, तर दोन प्रश्न विचारा : गळती शोधली का? जुना वायू यंत्राने ओढून घेणार ना? आणि शिक्षकांना विनंती, उष्णतेचा एक तास शाळेच्या आवारात, उघड्या बॉनेटपाशी घ्या. सूत्र तेथे चटकन समजेल.