पंतप्रधानांच्या खिशातले पाच डॉलर

सदर : जमाखर्च । हिशेबनीस

सप्टेंबर १९३३. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातली एक शेतकरी बाई थेट देशाच्या पंतप्रधानांना पत्र लिहायला बसते. ती जमीन मागत नाही, कर्जमाफीही मागत नाही. तिला साठी उलटलेल्या नवऱ्यासाठी हिवाळ्यात घालायचे जाड आतले कपडे हवे आहेत. नवऱ्याचे हातखांदे दुखतात, तीन वर्षं पीक धड आलेलं नाही आणि यंदा तर सगळंच गेलंय. ईटन्स या प्रसिद्ध दुकानाच्या ऑर्डरचा कागदही तिने भरून सोबत जोडला आहे. साहेबांनी फक्त पैसे भरायचे. पंतप्रधान रिचर्ड बेनेट यांनी ते भरले.

अशी पत्रं त्यांच्याकडे ढिगांनी येत. कुणाला मुलाच्या शाळेसाठी बूट हवे असत, कुणाला डॉक्टरचं बिल भागवायचं असे. कितीतरी उत्तरांच्या पाकिटात पाच डॉलरची नोट घातलेली असे, आणि ती बेनेट यांच्या स्वतःच्या पैशांतून. हा गृहस्थ कॅल्गरीचा नामांकित वकील, लक्षाधीश आणि अविवाहित. राजधानी ओटावात त्याचा मुक्काम शातो लोरिए या आलिशान हॉटेलात. या दानशूरपणात खोट काढण्यासारखं काही नाही. हिशेब बिघडतो तो त्याच माणसाच्या ताब्यातल्या सरकारी तिजोरीपाशी.

महामंदीच्या आधीची दहा वर्षं मात्र वेगळी होती. पहिल्या महायुद्धानंतरची मंदी आणि १९१९ चा विनिपेगचा सार्वत्रिक संप हे दोन्ही मागे पडले आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापासून पैसा खेळू लागला. अमेरिकेतली वर्तमानपत्रं कॅनडाच्या कागदावर छापली जात होती. प्रेअरीच्या सपाट मुलखात गहू सोनं झाला होता. १९२८ साली ५६ कोटी बुशेलहून जास्त गहू निघाला. एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो. देशाची लोकसंख्या जेमतेम एक कोटी, आणि दशक संपताना रस्त्यावर दहा लाखांहून अधिक मोटारी.

हा गहू विकायला शेतकऱ्यांनी ‘व्हीट पूल’ नावाच्या सहकारी संस्था उभारल्या होत्या. पद्धत आपल्या ऊसवाल्यांना लगेच कळेल अशी : माल घालताना पहिली उचल, विक्री झाल्यावर उरलेले हप्ते. १९२९ च्या हंगामात पूलने बुशेलमागे एक डॉलर उचल दिली. मग महामंदी आली आणि भाव कोसळला, तो थेट उचलीच्याही खाली. पूल बुडू नयेत म्हणून प्रांतिक सरकारांना कर्जाची हमी घ्यावी लागली. १९३२ च्या डिसेंबरात बुशेलचा भाव ४० सेंटांच्याही खाली होता. नुसता भावच गेला असता तर एक वेळ निभावलं असतं. प्रेअरीच्या दक्षिण पट्ट्यात पावसानेही वर्षानुवर्षं पाठ फिरवली, वरची माती वाऱ्याने उडाली आणि उरलंसुरलं टोळांनी खाल्लं.

मोटारी दारात उभ्या होत्या, पण पेट्रोलला पैसे नव्हते. लोकांनी इंजिन काढून टाकलं, पुढे घोडे जुंपले आणि त्या वाहनाचं नाव ठेवलं ‘बेनेट बग्गी’. पूर्वेकडच्या प्रांतांतून मदतीच्या आगगाड्या आल्या. त्यांत सफरचंदं होती, भाज्या होत्या आणि खारवून वाळवलेला कॉड मासाही होता. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या गहूवाल्यांना तो भिजवून शिजवायचा असतो हे कुठून ठाऊक असणार? काहींनी ती फळकुटासारखी कडक मासळी छपराच्या भोकांवर ठोकली, अशा आठवणी तिकडे पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या.

१९३३ साली कामकरी वर्गातला चौथा हिस्सा बेकार होता आणि दर सात माणसांमागे एक जण सरकारी मदतीवर जगत होता. ही मदत द्यायची कुणी? राज्यघटनेनुसार गरिबांची जबाबदारी प्रांतांची आणि नगरपालिकांची, पण त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या. केंद्राने हा भार प्रांतांवर टोलवणं बेनेट यांच्यापासून सुरू झालेलं नव्हतं. त्यांच्या आधीचे पंतप्रधान मॅकेंझी किंग एप्रिल १९३० मध्ये संसदेत बोलून गेले की, विरोधी पक्षाच्या प्रांतिक सरकारांना बेकारांसाठी आपण पाच सेंटही देणार नाही. त्या पाच सेंटांनी त्यांची त्या वर्षीची निवडणूक घालवायला मोठा हातभार लावला.

बेनेट यांनी सत्तेवर येताच दोन कोटी डॉलर मंजूर केले, पण तात्पुरती मलमपट्टी म्हणून. एकट्या, बिनलग्नाच्या तरुणांसाठी १९३२ पासून लष्कराच्या देखरेखीखाली छावण्या निघाल्या. तिथे रस्ते बांधायचे, जंगल तोडायचं, धावपट्ट्या सपाट करायच्या. मोबदला म्हणजे राहणं, जेवण आणि दिवसाला वीस सेंट. चार वर्षांत एक लाख सत्तर हजारांवर पोरं तिथून गेली. जून १९३५ मध्ये त्यांतली हजारभर रास्त मजुरी मागायला मालगाड्यांच्या टपांवर बसून व्हँकुव्हरहून ओटावाकडे निघाली. सरकारने त्यांना वाटेत रेजायना शहरात अडवलं. त्यांचे आठ प्रतिनिधी बेनेट यांना भेटून आले, पण ती भेट म्हणजे नुसती वादावादी ठरली. १ जुलैला, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी, पोलिसांनी तिथल्या त्यांच्या सभेवर धाड घातली. दंगलीत एक पोलीस मारला गेला.

अनोळखी बाईच्या नवऱ्याला ऊब मिळावी म्हणून स्वतःचे पैसे देणारा माणूस या पोरांना कामाची रास्त मजुरी का देऊ शकला नाही? कारण त्याच्या लेखी पाच डॉलर ही दया होती आणि मजुरी हा हक्क ठरला असता. दया आपल्या मर्जीने देता येते, हक्काचे पैसे मात्र दरवर्षी अंदाजपत्रकात धरावे लागतात. १९३५ च्या जानेवारीत बेनेट यांनी रेडिओवरून बेकारी विम्याची घोषणा केली, तेव्हा फार उशीर झाला होता. ऑक्टोबरातल्या निवडणुकीत किंग यांच्या पक्षाने २४५ पैकी १७३ जागा घेतल्या. बेनेट यांचा विमा कायदा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयाने १९३७ साली घटनाबाह्य ठरवला.

शेवटी १९४० मध्ये घटना दुरुस्त झाली आणि बेकारी विम्याचा कायदा आला. तोवर दुसऱ्या महायुद्धाच्या कारखान्यांनी बेकारांना कामावर ओढायला सुरुवात केली होती आणि बेनेट कॅनडा सोडून इंग्लंडात राहायला गेले होते. कायदा केला तो पाच सेंटही देणार नाही म्हणालेल्या मॅकेंझी किंग यांच्याच सरकारने.