मोकळी मैदाने आणि मोकाट कुत्री

कुत्र्याने कोठे असावे आणि कोठे नसावे, हा प्रश्न आजवर गल्लीतील तंट्याचा विषय मानला जात होता. आता तो नगरपालिकांच्या सभागृहात येऊन बसला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील मोकाट कुत्र्यांविषयी आदेश देताना, रस्त्यावर वाटेल तेथे कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई केली, प्रत्येक प्रभागात त्यासाठी वेगळी जागा ठरवून देण्यास सांगितले आणि या प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढविली. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांची आवारे कुंपण घालून श्वानमुक्त करावीत, असे निर्देश सर्व राज्यांना दिले गेले. दिल्ली-मुंबईच्या वृत्तांत या आदेशांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु चाळीस हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या दर्यापूरसारख्या गावात त्यांची अंमलबजावणी कोणी, कोणत्या साधनांनी आणि कोणाच्या पैशाने करावयाची, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही.

सधन महानगरांनी या प्रश्नाचे एक आकर्षक उत्तर शोधले आहे. कुत्र्यांना साखळीवाचून मनसोक्त हुंदडता यावे म्हणून कुंपण घातलेली स्वतंत्र मैदाने, म्हणजेच श्वान-उद्याने, उभारण्याची प्रथा अमेरिकेत रूढ झाली. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे १९७९ मध्ये सुरू झालेले ओलोनी उद्यान हे या प्रकारातील आद्य उद्यान समजले जाते. हैदराबादच्या महापालिकेने कोंडापूर भागात २०१८ मध्ये असे उद्यान लोकांसाठी खुले केले. या उद्यानांची रचना विचारपूर्वक केलेली असते. एकामागे एक अशी दोन फाटके असल्यामुळे कुत्रा चुकून रस्त्यावर पळत नाही. लहान चणीच्या कुत्र्यांसाठी वेगळा कप्पा असतो. लस टोचल्याचा दाखला नसलेल्या जनावराला प्रवेश नसतो, आणि आपल्या कुत्र्याने केलेली घाण मालकाने स्वतः उचलावयाची असते.

तथापि या साऱ्या व्यवस्थेचा पाया एका गृहीतावर उभा आहे. प्रत्येक कुत्र्याला मालक आहे आणि त्या मालकाला जबाबदार धरता येते, हे ते गृहीत होय. २०१९ च्या पशुगणनेत देशातील मोकाट कुत्र्यांची संख्या दीड कोटीच्या वर भरली. ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही आणि ज्यांच्या अपराधाचा जाब कोणाला विचारावयाचा हे ठाऊक नाही, अशा कुत्र्यांना उद्यानाचा उपयोग तो काय?

शिवाय पावसाची अडचण आहेच. पावसाळी शहरांत अशा मैदानांचा चिखल होतो आणि साचलेले पाणी रोगाला आमंत्रण देते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. उंदीर, कुत्री व गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा हा रोग आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूरला मुंबईच्या मानाने पाऊस तिसऱ्या हिश्श्याइतका. पण येथील काळी, चिकण, खारपाणपट्ट्यातील जमीन थोड्या पावसातही पाणी धरून ठेवते आणि मोकळ्या मैदानावर पाऊल टाकणे अवघड होते. गावातील कोरड्या जागा मग मोजक्याच उरतात. शाळेचा व्हरांडा, बसस्थानकाची शेड, रुग्णालयाची ओसरी आणि बाजारातील ओटे. माणसे तेथेच आसरा घेतात आणि कुत्रीही तेथेच येतात. न्यायालयाने श्वानमुक्त करावयास सांगितलेल्या जागांपैकी बहुतेक याच आहेत, ही गोष्ट सूचक आहे.

मुंबईचा जुना धडा

मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई सरकारने १८३२ मध्ये कुत्री मारण्याची मोहीम वाढविली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या आवारात शिरून पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी समाजात कुत्रा पवित्र मानला जातो, मृताच्या अंत्यविधीतही त्याला स्थान आहे. जूनच्या ६ तारखेला लोक रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. अशा रीतीने मारणे आणि आश्रय देणे हे दोन्ही मार्ग मुंबईत जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले.

या दोहोंपैकी कोणत्याही एका मार्गाने प्रश्न सुटला नाही. कुत्री मारण्याचे काम पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू राहिले, तरी मुंबईतील कुत्री संपली नाहीत. कारण उघड आहे. ज्या गल्लीत खावयास मिळते तेथील दहा कुत्री नेली, तर मोकळ्या झालेल्या जागेत शेजारची दहा येतात आणि उरलेल्या माद्या ती तूट वर्षभरात भरून काढतात. हा अनुभव गाठीशी आल्यावरच विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात निर्बीजीकरण व लसीकरण हा तिसरा मार्ग पुढे आला. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये आणि नंतर मार्च २०२३ मध्ये केलेल्या नियमांनी तो देशाला बंधनकारक केला. कुत्रे पकडावे, शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी, कानाला खूण करावी आणि जेथून आणले तेथेच सोडावे, असा हा क्रम आहे. नसबंदी झालेले कुत्रे आपली हद्द राखते, नव्यांना येऊ देत नाही आणि प्रजाही वाढवीत नाही.

नागपूर ते दिल्ली

दया आणि सुरक्षितता यांतील ओढाताण अलीकडच्या न्यायालयीन निर्णयांतही दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात वऱ्हाड येतो, ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले की, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालावयाचे असेल त्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत. दत्तक घेण्याच्या या सक्तीला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री उचलून कायमची निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला आणि पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळून इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास अनुमती दिली. नोव्हेंबरच्या आदेशाने त्याला पुन्हा एक अपवाद जोडला. शाळा, रुग्णालये, स्थानके येथून उचललेली कुत्री तेथे परत सोडावयाची नाहीत, त्यांना निवाऱ्यात ठेवावयाचे.

वादात भाग घेणाऱ्या दोन्ही पक्षांची बाजू हलकी नाही. कुत्र्याला भाकरी घालणारा माणूस हा काही नव्या फॅशनचा अनुयायी नव्हे. दत्तात्रेयाच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या बरोबर कुत्रा आहे, आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घराघरांत सांगितली जाते. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेले कारंजे तर वऱ्हाडातच आहे. ही भूतदया उपहासाचा विषय होऊ नये.

पण दुसऱ्या बाजूस जे आहे ते अधिक निकडीचे आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. माणसाला होणारा रेबीज शंभरातील नव्याण्णव प्रकरणांत कुत्र्यापासून होतो आणि जगातील या रोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बळींमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे आहे. मूल ठेंगणे असते, त्याला चेहऱ्यावर वा मानेवर चावा बसतो, आणि घरी मार बसेल या भीतीने ते कित्येकदा सांगतही नाही. जखम ताबडतोब साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुणे आणि वेळेवर लस घेणे एवढ्याने जीव वाचतो. मात्र लसीच्या प्रत्येक फेरीसाठी मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागणारे कुटुंब शेवटची फेरी चुकविते. मोटारीतून फिरणाऱ्याला कुत्रे चावत नाही. पहाटे शेतावर निघालेल्या बाईला, पायी शाळेत जाणाऱ्या मुलाला आणि रात्रपाळीच्या कामगाराला ते चावते. या प्रश्नाची किंमत कोण मोजतो हे त्यावरून कळावे.

कुत्री वाढतात कशाने

कुत्र्यांची संख्या अन्नावर ठरते, आणि हे अन्न दयाळू लोकांच्या भाकरीपेक्षा उकिरड्यावरून अधिक मिळते. कुंपण नसलेला कचरा डेपो, मांसविक्रीच्या दुकानांमागे टाकलेली आतडी, लग्नसराईत मंगल कार्यालयांबाहेर पडणाऱ्या पत्रावळी आणि गावाबाहेर उघड्यावर टाकलेली मेलेली गुरे हे कुत्र्यांचे खरे अन्नछत्र आहे. मेलेल्या गुरांचा निकाल पूर्वी गिधाडे लावीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांतून पोटात जाऊन १९९० नंतर देशातील गिधाडांच्या प्रमुख जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ मध्ये हे औषध गुरांसाठी बंद झाले, पण आकाश रिकामे झाले ते झालेच. उरलेल्या मांसावर कुत्र्यांचे कळप पोसले गेले. तेव्हा कुत्र्यांचा बंदोबस्त करावयाचा तर प्रारंभ कचऱ्यापासून झाला पाहिजे. हे काम नगरपालिकेच्या नित्य कर्तव्यातले आहे आणि त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरे काम नसबंदीचे. येथे हिशेब निष्ठुर आहे. एखाद्या गावात हजार कुत्री आहेत असे धरले आणि वर्षाला शंभरांची शस्त्रक्रिया केली, तर तो पैसा पाण्यात गेला म्हणून समजावे, कारण उरलेल्या माद्या त्याहून अधिक पिल्ले घालतील. सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण थोडक्या काळात, एका भागात, सलग व्हावे लागते. उलट तीच हजार कुत्री निवाऱ्यात कायमची कोंडून पोसावयाची म्हटले, तर रोजचे तीस रुपये धरले तरी वर्षाला एक कोटी नऊ लाखांवर खर्च जातो. कोणत्याही तालुक्याच्या नगरपरिषदेला तो झेपणार नाही. म्हणून निवारा हा पिसाळलेल्या, चावऱ्या आणि शाळा-रुग्णालयांतून उचललेल्या कुत्र्यांपुरताच असावा, बाकीच्यांसाठी नसबंदी हाच मार्ग होय.

यासाठी लागणारे शस्त्रक्रियागृह, प्रशिक्षित पशुवैद्य, पिंजरे आणि वाहन दर्यापूरला एकट्याने उभारणे कठीण आहे. पण ते एकट्याने उभारण्याची गरज तरी काय? मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी आणि अचलपूर ही गावे एकेकाळी शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांनी एकमेकांना बांधलेली होती. या चार नगरपरिषदांनी मिळून एक केंद्र चालविले, तर खर्च विभागला जाईल आणि पथक पाळीपाळीने प्रत्येक गावात सलग काम करू शकेल. जिल्हे दोन आहेत, ही अडचण कागदावरची आहे, कुत्री जिल्ह्याची सीमा पाहून हिंडत नाहीत. अकोल्यास पदव्युत्तर पशुवैद्यक शिक्षणाची संस्था आहे. तेथील तज्ज्ञ व विद्यार्थी यांचे साहाय्य रीतसर मागता येईल. नियमांप्रमाणे असे काम प्राणिकल्याण मंडळाची मान्यता घेऊनच करावयाचे असल्याने, ही मान्यता एकाच केंद्राने मिळविणे चार ठिकाणी खेटे घालण्यापेक्षा सोपे जाईल.

तिसरे काम जागेचे, आणि श्वान-उद्यानाच्या कल्पनेतून घेण्यासारखे काही असेल तर ते येथे आहे. शाळेच्या वाटेपासून, बाजारापासून व दवाखान्यापासून दूर, थोडी उंचावरची, मुरूम टाकून पावसाचे पाणी वाहून जाईल अशी केलेली एक जागा प्रत्येक प्रभागात निश्चित करावी. तेथे ठराविक वेळी खाऊ घालावे आणि उरलेले उचलावे. एका जागी रोज जमणारी कुत्री मोजता येतात, पकडता येतात आणि त्यांना लस टोचता येते. भूतदयेचा असा उपयोग करून घेतला, तर जे लोक आज पथकाशी भांडतात तेच उद्या पथकाला मदत करतील. पाळीव कुत्र्यांची नोंदणी व लसीकरणही याच वेळी सक्तीने व्हावे, कारण कंटाळलेल्या मालकाने सोडून दिलेले कुत्रे हेही पुढे मोकाटच होते.

२०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज देशातून हटविण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२१ मध्ये सोडला आहे. राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका दीर्घ विलंबानंतर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या आणि प्रशासकांच्या कारभारानंतर लोकप्रतिनिधी पुन्हा सभागृहात आले. न्यायालयाच्या आदेशाची प्रत दप्तरी दाखल करून घेण्यावर त्यांनी समाधान मानू नये. दर्यापूरच्या शेजारच्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगावचे रस्ते झाडले आणि देवापुढील पशुहत्येला विरोध केला. प्राण्याविषयीची करुणा आणि गावाची स्वच्छता यांत त्यांना विरोध दिसला नाही. दर्यापूरच्या नगरपरिषदेलाही तो दिसण्याचे कारण नाही. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी शाळांची कुंपणे, कचरा डेपोची भिंत आणि चार गावांच्या संयुक्त केंद्राचा ठराव एवढ्या तीन गोष्टी झाल्या, तरी पायी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वाटेवरचा धोका बराच कमी होईल.