गृहारोग्य : काचेसारख्या प्लॅस्टिकमधील रसायन

शोध एका गोष्टीचा घ्यावा आणि हाती दुसरीच लागावी, असे विज्ञानात पुष्कळदा घडते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक यीस्टमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे द्रव्य असते काय, हे पाहत होते. तसे द्रव्य आढळलेही. परंतु ते यीस्टमधले नव्हते. पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची पात्रे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करताना पात्रांतूनच ते पाण्यात उतरत होते! त्याचे नाव बिस्फेनॉल-ए. मानवी स्तनाच्या कर्करोगपेशी त्याच्या सान्निध्यात अधिक वेगाने वाढतात, असेही दिसून आले. हे संशोधन १९९३ साली प्रसिद्ध झाले.

वस्तुतः या रसायनाचा हा गुण ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखविला होता. पुढे त्यापासून न फुटणारे पारदर्शक प्लॅस्टिक आणि अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांना आतून देण्याचा लेप बनू लागला.

स्तनांतील दुग्धनलिकांची वाढ इस्ट्रोजेनच्या आज्ञेने होते. पेशीतील ग्राहक हे जणू कुलूप, आणि इस्ट्रोजेन त्याची किल्ली. बिस्फेनॉल-ए ही ओबडधोबड किल्ली होय. ती नीट बसत नाही, तथापि कुलूप थोडेफार फिरते. गर्भावस्थेत हे रसायन मिळालेल्या उंदरांच्या माद्यांत स्तनग्रंथींची वाढ पुढे निराळ्या रीतीने झालेली आढळली आहे. माणसात त्यामुळे कर्करोग होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्याबाबत सावधगिरी शहाणपणाची ठरेल. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०१५ साली बाळाच्या प्लॅस्टिक बाटल्यांत हे रसायन निषिद्ध ठरविले. युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस अन्नाशी संबंध येणाऱ्या बहुतेक वस्तूंत त्यास बंदी केली.

घरात करावयाचे ते सोपे आहे. उष्णतेने हे रसायन अधिक सुटते. म्हणून उकळते दूध, चहा वा आमटी प्लॅस्टिकमध्ये ओतू नये, त्यात अन्न तापवू नये. ओरखडे पडलेली जुनी भांडी बाद करावीत. स्टील व काच यांस पर्याय शोधण्याची गरजच नाही. ‘बिस्फेनॉल-ए-मुक्त’ या चिठ्ठीवरही सर्वस्वी विसंबू नये. बदली वापरले जाणारे बिस्फेनॉल-एसही संप्रेरकासारखेच वागते.

आणि एक गोष्ट याहून महत्त्वाची. स्तनात गाठ लागली, त्वचा ओढली गेली वा स्तनाग्रातून रक्तस्राव झाला, तर कारणांची चर्चा करीत न बसता त्वरित डॉक्टरांना दाखवावे. संकोचाने घालविलेले महिने भरून येत नाहीत.