अजन्मदिन

लुइस कॅरल या नांवानें लिहिणारा एक गणिताध्यापक ऑक्सफर्ड येथें होऊन गेला. १८७१ सालच्या अखेरीस निघालेल्या त्याच्या आरशापलीकडच्या बालकथेंत हम्टी डम्टी नांवाचें अंड्याच्या आकाराचें एक पात्र आहे. त्याचा गळपट्टा म्हणजे पांढऱ्या राजाराणीनें दिलेली ‘अजन्मदिना’ची, अर्थात् जन्मदिवस नसलेल्या दिवसाची, भेट! वर्षाचे दिवस ३६५, जन्मदिवस एकच. तेव्हां भेटीचे दिवस ३६४. ही वजाबाकी तो अ‍ॅलिसकडून कागदावर करवून घेतो.

नञ्समासानें साधलेला हा सण थट्टेचा खरा. परंतु आम्हांस तो विचारार्ह वाटतो. आपल्या पूजेच्या संकल्पांत तिथि, वार, नक्षत्र यांचा उच्चार होतो, तो केवळ दिवाळीदसऱ्यासच नव्हे. ज्या दिवशीं घरांत कांहींच विशेष नाहीं, त्या दिवसाचेंही नांव घेऊनच आरंभ करावा, असा पूर्वजांचा दंडक आहे.

आतां घराकडे पाहावें. मुलांचे वाढदिवस औक्षणानें साजरे होतात. परंतु औक्षणाचें तबक जिच्या हातांनीं सिद्ध होतें, त्या वृद्ध आजीची जन्मतिथि पुष्कळ कुटुंबांत कोणीं टिपूनच ठेवलेली नसते. हम्टी डम्टीच्या हिशेबानें तिचे तर ३६५ ही दिवस भेटीचे ठरतात! भेट मोठी नकोच. एखाद्या बुधवारीं मुलानें बाजारांतून तिच्या आवडीचें फळ आणावें, नातवानें घटकाभर तिच्यापाशीं बसावें, एवढें पुरे. त्यास मुहूर्त लागत नाहीं. आजची तिथि चालते.