आराखड्याचाही फेरफार नोंदवा

फायनल इयरच्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'सिस्टिम आर्किटेक्चर' नावाचं एक पान असतं. चार चौकोन, मधे बाण, खाली डेटाबेसचा डबा. मित्रांनो, खरं सांगा, त्या चित्राचा आणि कोडचा संबंध कितपत असतो? चित्र पहिल्या प्रेझेंटेशनसाठी काढलेलं. पुढे लॉगिन वेगळं झालं, डेटाबेस बदलला, चित्र मात्र जागच्या जागी!

आमच्या ग्रुपकडे सीनियर्सचा मेसच्या हिशेबाचा प्रोजेक्ट आला. चित्रात खाडे वजा करणारी वेगळी सर्व्हिस होती, कोडमध्ये तिचा पत्ताच नाही. ती शोधण्यात दोन आठवडे गेले. तोवर घरी गेलेल्या पोरांनाही पूर्ण बिल येत राहिलं.

मी परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याचा. आमच्याकडे सातबारा काय असतो हे शाळेच्या आधी कळतं. तो खोडून परस्पर बदलत नाहीत. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहायचा : कोणाकडून कोणाकडे, खरेदीने की वारसाने. मग संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, तेव्हा कुठे बदल सातबाऱ्यावर चढतो, आणि सोबत फेरफाराचा नंबरही. तीस वर्षांनी भावकीत वाद निघाला तरी तो नंबर धरून मागे जाता येतं. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली लिहिलेलं गिट यापेक्षा फार वेगळं काय करतं? कमिट म्हणजे फेरफार, रिव्ह्यू म्हणजे हरकत.

पण गिटमध्ये आपण फक्त कोड ठेवतो. चित्र वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेलं. ते गिटमध्ये टाकलं तरी 'फाइल बदलली' एवढंच कळणार, कोणता बाण गेला ते नाही. म्हणून माझं म्हणणं, चित्र काढूच नका, लिहा. प्लांटयूएमएल किंवा मर्मेडमध्ये 'वेब ॲपकडून डेटाबेसकडे बाण' असं ओळीओळीने लिहायचं, चित्र प्रोग्राम काढतो. फाइल काही केबींची, नोटपॅडमध्ये उघडते, हॉस्टेलच्या नेटवरही जाते. सायमन ब्राउन यांचं स्ट्रक्चरायझर आणखी पुढे जातं. त्यात मॉडेल एकदाच लिहायचं आणि त्यातून हवी तेवढी चित्रं घ्यायची. सर्व्हिसचं नाव एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं.

माऊसने काढलेलं चित्र देखणं दिसतं, हे कबूल. प्लांटयूएमएलचे बाण कधी कधी असे गुंततात की काय सांगू राव! पण वाकडा बाण मला चालेल, नसलेल्या सर्व्हिसकडे जाणारा सरळ बाण नको.

अर्थात मजकुरातही खोटं लिहिता येतं. सातबाऱ्यातली पिकांची नोंद पूर्वी तलाठी करायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि ज्याने पेरलं त्यानेच शेतात उभं राहून, फोटो काढून नोंदवायचं ठरलं. आपल्याकडेही ज्याने कोड बदलला त्यानेच, त्याच कमिटमध्ये, आराखड्याची ओळ बदलावी. 'डॉक्युमेंटेशनवाला पार्टनर' हे पद रद्दच करा.

सरांना विनंती एवढीच : यंदा रिपोर्टमधल्या चित्रासोबत त्याची मजकुराची फाइलही मागा. आणि व्हायव्हात कुठल्याही एका चौकोनावर बोट ठेवून विचारा, याची शेवटची नोंद कोणाची आणि कधीची?