विश्लेषण : एव्हरेस्टवीर विद्यार्थ्यांचे सत्कार झाले, पुढची वाट कोणती?

चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे 2018 मध्ये एव्हरेस्ट सर केले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम ही त्यांची नावे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यातली ही मुले 8,848 मीटरवरच्या बर्फात पोहोचली. बातमी मोठी झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

तयारी कशी झाली?

आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाच्या ‘मिशन शौर्य’मधून ही निवड झाली. ऑगस्ट 2017 पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असे टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण झाले. म्हणजे जेमतेम नऊ-दहा महिने. शेजारच्या तेलंगणातील मालावत पूर्णा हिने 2014 मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी हे शिखर गाठले होते. सरकारी निवासी शाळेतले मूलही तिथवर जाऊ शकते, हे तेव्हाच दिसले होते.

गौरव काय झाला?

पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये पाचही जणांची नावे घेतली. राज्य सरकारने शिखर गाठणाऱ्यांना प्रत्येकी 25 लाख रुपये जाहीर केले. 2019 मध्ये राज्यभरातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांची दुसरी मोहीमही झाली.

मग अडचण कुठे आहे?

बारावीनंतर. बास्केटबॉल किंवा कबड्डी खेळणाऱ्या मुलीला महाविद्यालयात निदान एक शिडी असते : महाविद्यालयाचा संघ, विद्यापीठाचा संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा. शासकीय नोकरीतील 5 टक्के क्रीडा आरक्षणही प्रामुख्याने स्पर्धेतला क्रमांक पाहते. एव्हरेस्टवर पहिला-दुसरा क्रमांक नसतो. शिवछत्रपती पुरस्कारात साहसी क्रीडा प्रकार आहे खरा, पण पुरस्कार म्हणजे रोजगार नव्हे. अमेरिकेत केटलिन क्लार्कसारखी खेळाडू चार वर्षे महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळते आणि तिथूनच थेट व्यावसायिक संघात जाते. तो पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण शिडी बांधायला तेवढा पैसा लागतही नाही.

काय करता येईल?

गिर्यारोहणाची शिडी देशात तयार आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 पासून, तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट 1965 पासून प्रशिक्षण देते. आधी मूलभूत अभ्यासक्रम, त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली की प्रगत, त्यानंतर प्रशिक्षक होण्याचा किंवा शोध-बचावाचा. हा खर्च आदिवासी विकास विभागाने शिष्यवृत्तीसारखा उचलावा. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने या काळातील हजेरी आणि परीक्षेची सोय करावी. दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्याच्याच अखत्यारीत येतात. प्रशिक्षक झालेल्या तरुणांना आपत्ती व्यवस्थापनात आणि आश्रमशाळांच्या साहस शिबिरांत काम देता येईल. त्यासाठी नवी मोहीम नको, एक शासन निर्णय पुरे.